फ्लोअरिंगचं काम, साइटचा गेटपास आणि विमा: कोणती पॉलिसी कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये कार्पेट टाइल, विनाइल आणि लॅमिनेट बसवण्याचा व्यवसाय आहे. सात-आठ कारागीर, त्यांतले चार मुकादमाने आणलेले. माल ठेवायला भोसरीत भाड्याचा गाळा. हिंजवडीतल्या एका ऑफिसचं १८ लाखांचं काम मिळालंय, पण गेटपासच्या आधी क्लायंट ‘सीएआर, डब्ल्यूसी आणि एक कोटीची थर्ड पार्टी’ मागतोय. (सीएआर म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, चालू कामाचा विमा; डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कामगारांच्या अपघाताच्या भरपाईचा विमा; थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या कामामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा.) एजंटने दुकानदारांची पॅकेज पॉलिसी पुढे केली आणि ‘यात सगळं येतं’ म्हणाला. ती पुरेल का? आणि उद्या बसवलेलं फ्लोअरिंग उठलं तर विम्यातून पैसे मिळतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. फ्लोअरिंग फुगलं, सांध्याला उघडलं, कडा उचलल्या, तर ते काढून पुन्हा बसवायचा खर्च यातली एकही पॉलिसी देत नाही. खराब कारागिरीची दुरुस्ती हा ठेकेदाराच्या धंद्यातला खर्च धरला जातो. पण तीच उचललेली कडा पायात अडकून ऑफिसातल्या माणसाचा खुबा मोडला, तर त्याची भरपाई दायित्वाच्या पॉलिसीत येऊ शकते. कार्पेट तुमचं काम, खुबा दुसऱ्याचा. ही रेघ डोक्यात पक्की ठेवा, कारण पुढे प्रत्येक पॉलिसीत ती भेटणार आहे.

आता एजंटची पॅकेज पॉलिसी. ती वाईट नसते, पण ती पत्त्याला बांधलेली असते. आग, घरफोडी, गल्ल्यातली रोकड, काच, थोडं पब्लिक लायबिलिटी, हे सगळं तुमच्या गाळ्याच्या चार भिंतींत. तुमचा धंदा मात्र दुसऱ्याच्या जागेत चालतो. हिंजवडीच्या सहाव्या मजल्यावर काय झालं याच्याशी भोसरीच्या पॉलिसीचा संबंध नाही. क्लायंटने मागितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही तिच्यात बसत नाही.

सुरुवात डब्ल्यूसीपासून करा. बजेट कमी असेल आणि एकच पॉलिसी परवडत असेल, तर माझ्या मते हीच. कारण बाकीची नुकसानं वाटाघाटीने मिटतात, हप्त्याने फेडता येतात. कारागिराच्या मृत्यूची भरपाई कायद्याने ठरलेली असते आणि ती एकरकमी भरावी लागते. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण हिशेबाची रीत तीच आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. २०२० च्या जानेवारीत केंद्राने या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये केली, म्हणजे कारागीर २२,००० घेत असला तरी १५,०००च धरायचे. तीस वर्षांच्या कारागिराचा गुणांक २०७.९८. म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर अर्ध्याऐवजी ६० टक्के धरतात, तो आकडा १८,७१,८२० होतो. अंशतः अपंगत्वाचे टक्के परिशिष्टात दिलेले आहेत: अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. ग्राइंडरखाली अंगठा जाणं हा आपल्या कामातला काल्पनिक अपघात नाही, आणि त्याची किंमत या हिशेबाने ५,६१,५४६ रुपये. संहितेखाली वेतनाची नवी मर्यादा आली की हे आकडे वर जातील, त्यामुळे दर नूतनीकरणाला तपासा.

डब्ल्यूसी घेताना चुका होतात त्या साधारण याच ठिकाणी.

पगार कमी दाखवणं. प्रीमियम वेतनावर ठरतो म्हणून ८,००० लिहून देतात. मग विमा कंपनी ८,०००च्या हिशेबाने ८,३१,९२० वर थांबू शकते आणि वरचे ७,२७,९३० तुमच्या खिशातून. वाचवलेला प्रीमियम काही हजारांत असतो.

कामाचं वर्णन. ‘ऑफिस स्टाफ’ किंवा ‘सेल्स’ लिहिलेल्या पॉलिसीवर कटर चालवणाऱ्या मिस्त्रीचा क्लेम अडतो. ‘फ्लोअरिंग बसवणे, कटिंग, ग्राइंडिंग, पॉलिशिंग, माल चढवणे-उतरवणे’ असं सरळ लिहून घ्या. कामाची जागा ‘भारतात कुठेही’ करून घ्या, नाहीतर पुण्याची पॉलिसी घेऊन नाशिकला काम कराल. माणसं बदलत असतील तर नावानिशी पॉलिसी घेऊ नका. कुशल किती, अकुशल किती, अशी संख्या आणि एकूण वेतन द्या. वर्षअखेरीस प्रत्यक्ष वेतनाप्रमाणे प्रीमियमचा हिशेब होतो, तेव्हा हजेरीपट नीट असलेला बरा.

मुकादमाची माणसं. ‘ती माझी नाहीत, मी त्याला उक्तं काम दिलंय’ हा युक्तिवाद चालत नाही. मुख्य ठेकेदाराच्या कामासाठी पोटठेकेदाराने माणूस लावला, तर भरपाई मुख्य ठेकेदाराकडून मागता येते. त्याने ती पोटठेकेदाराकडून नंतर वसूल करायची. हिंजवडीचा क्लायंट तुमच्याकडे डब्ल्यूसी मागतो ते नेमकं याच भीतीपोटी: तुम्ही दिली नाहीत तर त्याच्याकडे मागणी येईल. म्हणून पोटठेकेदारांच्या कामगारांची जोडणी (ॲड-ऑन) पॉलिसीत घ्या आणि मुकादमाला दिलेली मजुरी वेतनात धरा.

दवाखाना. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आहे, आणि त्याला वरची मर्यादा नाही. साध्या पॉलिसीत हा खर्च एकतर नसतो किंवा नाममात्र असतो. वैद्यकीय खर्चाची वेगळी जोडणी माणशी किती रकमेपर्यंत आहे, ते विचारून घ्या. तसंच व्यवसायजन्य आजार. टाइल किंवा काँक्रीट कोरडं कापलं, कोबा ग्राइंड केला, की सिलिकाची धूळ उडते, आणि सिलिकोसिस हा कायद्याच्या यादीतला आजार आहे. विनाइल-कार्पेटवाल्यांना वाटतं हा फरशीवाल्यांचा प्रश्न. पण जुना कोबा घासून सपाट करायचं काम तुम्हीच करता. आजारांची जोडणी वेगळी मागावी लागते. पाण्याने कापणं आणि ग्राइंडरला व्हॅक्युम लावणं हा त्याहून स्वस्त इलाज.

एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. मृत्यू झाल्यावर मालक माणुसकीने कुटुंबाच्या हातात चार-पाच लाख ठेवतो, साध्या कागदावर ‘सर्व हिशेब मिटला’ लिहून घेतो आणि सुटलो समजतो. कायद्याच्या नजरेत ती भरपाई दिली असं होत नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. कुटुंबाला थेट दिलेल्यातली तीन महिन्यांच्या वेतनाइतकीच आगाऊ रक्कम वजा धरतात. एका महिन्यात भरणा झाला नाही तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दंड विमा कंपनी भरत नाही. म्हणून अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर चित्र बदलतं. दहा किंवा जास्त माणसं आणि २१,००० पर्यंत वेतन असेल, तर त्या कामगारांचा अपघात ईएसआयकडे जातो आणि डब्ल्यूसीचा दावा त्यांना करता येत नाही. तुमची संख्या सात-आठ म्हणता, पण मुकादमाची आणि ऑफिसची माणसं धरून दहा होतात का, ते मोजा. २१,००० च्या वरच्या कारागिरासाठी मात्र डब्ल्यूसी लागेलच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख) आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी सगळ्यांची करून घ्या. ते कारागिराच्या हक्काचं आहे. तुमची जबाबदारी त्याने एका रुपयानेही कमी होत नाही.

आणि तुम्ही स्वतः? मालक किंवा भागीदार स्वतःचा नोकर नसतो, त्यामुळे स्वतःच्या डब्ल्यूसीत येत नाही. तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून काम करत असाल तर वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या, तात्पुरत्या अपंगत्वाच्या साप्ताहिक भत्त्यासह. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये असला तरी गाळ्याचं भाडं थांबत नाही.

आता थर्ड पार्टी, म्हणजे दायित्व. इथे दोन वाटा आहेत आणि गोंधळ इथेच होतो. सीएआर पॉलिसीचा दुसरा भाग थर्ड पार्टीचा असतो, पण तो त्या एका कामापुरता आणि काम ताब्यात देईपर्यंत. दुसरी वाट वार्षिक कमर्शियल जनरल लायबिलिटीची, जी सगळ्या साइट्सना लागू पडते. काही एजंट ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हटलं की १९९१ च्या कायद्याखालची पॉलिसी काढून देतात. ती धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या उपयोगाची नाही.

दोन्हींतला फरक एका उदाहरणाने दिसतो. लॅमिनेटच्या कडेने स्कर्टिंग बसवताना चाळीस मिलिमीटरचा स्क्रू भिंतीत जातो आणि आतली सीपीव्हीसी पाइप भेदतो. बऱ्याचदा त्या क्षणी पाणी येतच नाही, कारण स्क्रूच बूच बनतो. दोन-तीन महिन्यांनी तो गंजतो किंवा सैल होतो आणि पाणी खालच्या मजल्याच्या जिप्सम सीलिंगवर, तिथून कुणाच्या तरी सर्व्हरवर. तोवर तुम्ही साइट सोडलेली, बिल निघालेलं, सीएआर संपलेली. हा दावा उचलायचा तर वार्षिक पॉलिसीत ‘पूर्ण झालेल्या कामांमुळे होणारं नुकसान’ हा भाग हवा. इंग्रजीत त्याला कम्प्लिटेड ऑपरेशन्स म्हणतात. हे दोन शब्द कोटेशनवर आहेत का, एवढं तरी बघा. फ्लोअरिंगवाल्यांचं मोठं नुकसान काम चालू असताना कमी आणि निघून गेल्यावर जास्त होतं, म्हणून माझा कल वार्षिक पॉलिसीकडे आहे.

तीच पॉलिसी ‘घटनेवर आधारित’ आहे की ‘दाव्यावर आधारित’ आहे, तेही विचारा. दाव्यावर आधारित असेल तर दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते आणि काम मागे दिलेल्या ठरावीक तारखेनंतरचं असावं लागतं. मध्ये एक वर्ष खंड पडला किंवा कंपनी बदलताना ती मागची तारीख टिकवली नाही, तर जुन्या कामांचं छत्र गेलं.

अपवाद नीट वाचा. तुमच्या ‘ताब्यात, देखरेखीखाली’ असलेली वस्तू आणि ज्या भागावर तुम्ही प्रत्यक्ष काम करताय तो भाग सहसा वगळलेला असतो. आयटी ऑफिसात कार्पेट टाइल उचललेल्या फॉल्स फ्लोअरवर बसते. कटरने पॅनेलचा पृष्ठभाग चिरला, तर कंपनी म्हणेल की पॅनेल तुमच्याच कामाच्या जागेतलं. ब्लेड फ्लोअर बॉक्समधून खालची केबल कापून गेलं, तर वाद घालायला जागा आहे, कारण केबलवर तुमचं काम नव्हतं. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी शेजारच्या काचेवर उठलेले काळे ठिपके हा याच जातीचा नेहमीचा दावा. ते पुसून जात नाहीत, काच बदलावी लागते. लिफ्टच्या स्टीलवरचे ओरखडे मात्र बहुधा वजावटीच्या रकमेतच संपतात. प्रत्येक दाव्यात अमुक रक्कम तुम्ही सोसायची, ही वजावट, म्हणजे एक्सेस. ती पंचवीस हजार असेल तर लहानसहान डेबिट नोटांना ही पॉलिसी नाही हे धरून चाला.

एक कोटी पुरे का? हे जागेवर अवलंबून आहे. निवासी फ्लॅटचं काम असेल तर बहुतेक पुरतं. बँक, हॉस्पिटल, डेटा सेंटर असेल तर नाही. पण रकमेपेक्षा एक बारकावा बघा: ‘एका घटनेला एक कोटी आणि वर्षाला एक कोटी’ असेल, तर मे महिन्यातल्या दाव्यात साठ लाख गेल्यावर हिंजवडीच्या क्लायंटला दाखवलेलं एक कोटीचं प्रमाणपत्र प्रत्यक्षात चाळीस लाखांचं उरतं.

सीएआरकडे येऊ. आधी क्लायंटला किंवा मुख्य कंत्राटदाराला विचारा, त्यांची स्वतःची सीएआर आहे का आणि तीत ‘सर्व उपठेकेदार’ सहविमाधारक आहेत का. असतील तर प्रत मागा. तुम्हाला वेगळी घ्यावी लागणार नाही कदाचित. घ्यावी लागली तर विमा रक्कम कामाच्या पूर्ण मूल्याची हवी. इथे एक खड्डा आहे. तुमची वर्क ऑर्डर फक्त मजुरीची चार लाखांची असेल आणि चौदा लाखांची कार्पेट टाइल क्लायंटने पुरवलेली असेल, तर साइटवरच्या कामाचं मूल्य अठरा लाख होतं. चार लाखांची सीएआर घेतली तर माल भिजल्यावर अल्पविम्याची कात्री लागेल, म्हणजे विमा जितका कमी तितकी भरपाईही त्या प्रमाणात कमी. पुरवलेला माल वर्क ऑर्डरमध्ये किमतीसह लिहून घ्या.

क्लायंटचं आधीपासूनचं फर्निचर, काचेची पार्टिशनं, सीलिंग हे ‘काम’ नव्हे. त्यांच्यासाठी आजूबाजूच्या मालमत्तेची जोडणी लागते. मुदत संपायच्या आत वाढवून घ्या, संपल्यावर मागे जाऊन वाढत नाही. आणि दोषदायित्व काळात, म्हणजे काम दिल्यानंतरच्या बारा महिन्यांत, तुम्ही दुरुस्तीला गेलात आणि तिथे काही मोडलं, तर त्यासाठी देखभाल-काळाची जोडणी असते. ती जोडणी क्लायंटने बिलातून राखून ठेवलेला पाच टक्के रिटेन्शन परत मिळवून देत नाही, तसा समज करून घेऊ नका.

सीएआरमध्ये सदोष कारागिरीचा अपवाद थोडा वेगळ्या पद्धतीने चालतो. जो भाग चुकीचा केला त्याची दुरुस्ती तुमच्यावर. त्या चुकीमुळे नीट केलेल्या दुसऱ्या भागाचं अपघाती नुकसान झालं, तर ते मिळू शकतं. विनाइलखालचा ओलावा यात कुठे बसतो? कुठेच नाही. ओल्या कोब्यावर विनाइल टाकलं आणि फुगलं, तर ते अपघाती नाही, अटळ होतं.

म्हणून ओलाव्याचा विमा कागदावर घ्यायचा. स्क्रीड, म्हणजे कोब्याचा थर, साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाळतं, तेही चांगल्या हवेत. म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या स्क्रीडला जवळपास पन्नास दिवस, आणि पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त. क्लायंट मात्र पंधराव्या दिवशी ‘घ्या सुरू करा’ म्हणतो. पंचेचाळीस सेंटिमीटर चौरसाचं प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून सोळा तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट झाला तर थांबा. दव दिसलं नाही म्हणजे कोरडं असंही नाही. खात्रीसाठी स्लॅबच्या जाडीच्या चाळीस टक्के खोलीवर भोक पाडून सापेक्ष आर्द्रता मोजतात (एकाच बाजूने वाळणाऱ्या स्लॅबसाठी), आणि ७५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर आर्द्रतारोधक थराशिवाय विनाइल चिकटवू नये. तुमच्या गोंदाच्या डब्यावर मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळा. आकडा, तारीख, जागा आणि फोटो क्लायंटला ईमेल करा. ‘ओलावा जास्त आहे, तुमच्या सांगण्यावरून सुरू करतोय’ हे एक वाक्य तुम्हाला कुठल्याही पॉलिसीपेक्षा जास्त वाचवेल.

गोंदाचं एक वेगळं सांगतो. कार्पेट टाइलला आता बहुधा पाण्यावर आधारित टॅकिफायर (टाइल पुन्हा उचलता येईल असा चिकट गोंद) वापरतात, पण पायऱ्यांच्या नोझिंगला, स्कर्टिंगला रबरी सॉल्व्हंट गोंद, ज्याला सगळे एसआर म्हणतात, तो लागतोच. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. त्याच मजल्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर आग थेट तुमच्या माणसांच्या गुडघ्यापाशी पेटते. पॉलिसीत ‘ज्वलनशील पदार्थ’ आणि ‘उष्ण कामं’ याबद्दल अटी असतात. साइटवर एका दिवसापुरतेच डबे ठेवा, आणि गाळ्यात असा गोंद साठवत असाल तर तो प्रस्तावात स्पष्ट लिहा. लपवलेल्या एका पिंपामुळे सगळा क्लेम लटकतो.

गाळ्यातला माल. एका जागची मालमत्ता पाच कोटींच्या आत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात. आग, वादळ, पूर हे तीत येतं. घरफोडी येत नाही. विमित दुर्घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. घरफोडीची वेगळी घ्या, आणि लक्षात ठेवा की तीत कुलूप किंवा शटर जबरदस्तीने तोडल्याच्या खुणा लागतात. साइटवरच्या उघड्या कोपऱ्यातून लेझर लेव्हल नाहीसा झाला तर तो दावा नाही. महागडी हत्यारं, पॉलिशिंग मशीन, मॉइश्चर मीटर यांना ‘फिरत्या उपकरणांची’ सर्व-जोखीम जोडणी घ्या, अनुक्रमांकासह.

विमा रक्कम ठरवताना वर्षातला सर्वांत जास्त साठा धरा. वीस लाखांचा माल आणि बारा लाखांचा विमा असेल, तर पाच लाखांच्या नुकसानीला तीनच लाख मिळतात. १५ टक्क्यांपर्यंतचा कमीपणा ही पॉलिसी माफ करते, चाळीस टक्क्यांचा नाही. माल जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर वर फळ्यांवर ठेवा. बेसमेंटमध्ये तर ठेवूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यानंतर तळघरातल्या साठ्याबद्दल विमा कंपन्या जास्त प्रश्न विचारतात यात नवल नाही. गाळा बदलला तर पत्त्याचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, त्याच दिवशी.

कार्पेटची एक खास अडचण: बॅच. भिजलेल्या चाळीस टाइलचे पैसे मिळतील, पण नव्या बॅचचा रंग उरलेल्या तीनशेशी जुळला नाही म्हणून सगळं बदलायचे पैसे मिळणार नाहीत. एकाच बॅचच्या तीन ते पाच टक्के टाइल जास्त मागवून ठेवणं हाच त्यावर उपाय.

वाहतुकीबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या टेम्पोचा मोटर विमा आतल्या मालाला लागू नाही. वर्षभर माल येत-जात असेल तर खुली ट्रान्झिट पॉलिसी घ्या, चढवणं-उतरवणं धरून. ट्रान्सपोर्टरकडे माल फुटला तर बिल्टीवर शेरा मारल्याशिवाय सही करू नका आणि बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्या, नाहीतर वसुलीचा हक्क जातो आणि त्याबद्दल विमा कंपनीही तुम्हालाच धरते.

आता पुन्हा वर्क ऑर्डर उघडा. तीत ‘सबरोगेशनचा हक्क सोडणे’ आणि ‘क्लायंट सहविमाधारक’ अशा अटी असतील. पहिलीचा अर्थ, पैसे दिल्यावर तुमची विमा कंपनी क्लायंटवर वसुलीला जाणार नाही. ती कंपनीच्या संमतीशिवाय कबूल केलीत तर तुमचाच क्लेम धोक्यात येतो. एंडोर्समेंट आधी, सही नंतर. उशिराचा दंड आणि ‘कोणत्याही कारणाने झालेलं कोणतंही नुकसान ठेकेदार भरेल’ असलं वाक्य मात्र विम्याने झाकलं जात नाही. कायद्याने तुमच्यावर येईल तेवढंच पॉलिसी उचलते. कराराने अंगावर ओढवून घेतलेलं जास्तीचं तुमचं. तिथे भांडायचं ते सहीच्या आधी.

नुकसान झाल्यावरची सगळ्यात महाग चूक व्हॉट्सॲपवर होते. ‘सॉरी सर, आमच्या पोराकडून झालं, आम्ही भरून देऊ.’ दायित्वाच्या पॉलिसीत कंपनीच्या परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही अशी अट असते. त्याऐवजी लिहा: ‘घटनेची नोंद घेतली आहे, विमा कंपनीला कळवत आहोत, सर्व्हेअर पाहणी करेपर्यंत तुटलेला भाग कृपया तसाच ठेवावा.’ पाणी बंद करणं, माल हलवणं हे लगेच करा, फोटो काढून. क्लायंटने परस्पर बिलातून पैसे कापले आणि डेबिट नोट पाठवली, तर तेवढ्यावर कंपनी पैसे देणार नाही. लेखी मागणी, प्लंबरचा किंवा काचवाल्याचा अहवाल, दुरुस्तीची दोन-तीन कोटेशनं, हे क्लायंटकडून मिळवावं लागतं.

प्रीमियमचा आकडा मी देत नाही. तो उलाढाल, माणसं, मागचे दावे, निवासी की व्यावसायिक काम यांवर ठरतो, आणि दोन कंपन्यांच्या कोटेशनांत बराच फरक असतो. वर १८ टक्के जीएसटी लागतो, नोंदणी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट घ्या. पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या ‘कव्हर नोट पाठवतो, माणसं चढवा’ यावर साइट सुरू करू नका.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: या आठवड्यात डब्ल्यूसी, मुकादमाची माणसं आणि वैद्यकीय जोडणी धरून. त्याच्याबरोबर वार्षिक दायित्व पॉलिसी एक कोटीची, पूर्ण झालेल्या कामांसह. हिंजवडीची सीएआर क्लायंटकडून खात्री करून मगच. गाळ्याचं आणि हत्यारांचं पुढच्या महिन्यात चालेल, पावसाळा तोंडावर नसेल तर. एजंटची पॅकेज पॉलिसी घेतलीच असेल तर गाळ्यापुरती राहू द्या.

एजंटला हे प्रश्न फोनवर विचारू नका, ईमेल करा: साइटवर कटरने दुसऱ्याची केबल कापली तर कोणती पॉलिसी, कोणतं कलम? काम दिल्यावर तीन महिन्यांनी पाणी गळलं तर? मुकादमाचा माणूस पडला तर? ‘सगळं येतं’ म्हणणारा एजंट या तीन ओळींना लेखी उत्तर देतो का, ते बघा. दावा फेटाळला गेलाच, तर एकट्या मालकाचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे जाऊ शकतात, पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे. मर्यादा ५० लाख, फी नाही, फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि हा ईमेल दोन्ही जपून ठेवा.